५३ कसोटी, ४ पराभव

कसोटी मालिका सुरू होण्याच्या आदल्या दिवशी पेपरच्या क्रीडा पानावर एक चौकट हमखास येते. आजवरचे सामने अमुक, विजय तमुक, पराभव इतके, अनिर्णित तितके. ती चौकट वाचून आपण मेसमध्ये जातो आणि पोळीचा पहिला तुकडा मोडायच्या आत निकाल सांगून मोकळे होतो! या लेखात मी त्या चौकटीचाच अभ्यास मांडणार आहे. मालिकेच्या आधी आकड्यांवरून नेमकं काय सांगता येतं आणि किती खात्रीने, हा विषय. उदाहरण म्हणून ऑक्टोबर-नोव्हेंबर २०२४ मधली भारत विरुद्ध न्यूझीलंड ही मालिका घेतली आहे. तिचे दोन सामने आपल्या महाराष्ट्रात झाले, आणि तिने भल्याभल्यांच्या चौकटी मोडल्या.

सुरुवातीलाच एक खुलासा. माझं शिक्षण कॉन्व्हेंटचं. एकोणसाठ म्हणजे पन्नाशीतला की साठीतला, हा प्रश्न मला आजही दोन सेकंद थांबवतो. त्यामुळे या लेखात आकडे अंकांतच लिहिले आहेत. संपादकांनी कृपया ते अक्षरांत करू नयेत.

मालिकेआधी आपल्या मेसच्या नोटीस बोर्डावर सीनिअर्सनी एक तक्ता लावला होता. खाली लाल पेनाने लिहिलेलं होतं, 'भारत ३-०, शंभर टक्के'. कुणी हसलं नाही, कारण त्यात हसण्यासारखं कुणालाच काही वाटत नव्हतं. त्या काळात पैसे लावून खेळायचे मोबाइल गेम जोरात होते. (ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला आणि पैशांवरचे असे खेळ बंद केले.) त्या शंभर टक्क्यांवर भरवसा ठेवून एका मुलाने दोन महिन्यांचे मेसचे पैसे लावले आणि दिवाळीला तो रिकाम्या खिशाने घरी गेला. कोण, ते सांगत नाही. पण तेव्हापासून मला वाटतं की शंभर टक्के हा आकडा लिहिण्याआधी माणसाने थोडं गणित करायला हवं.

तर आधी पेपरची चौकट पाहू. डिसेंबर २०१२ मध्ये इंग्लंडने आपल्याला भारतात २-१ असं हरवलं. त्यानंतर फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑस्ट्रेलियाचा संघ आला, तिथपासून ऑक्टोबर २०२४ च्या बांगलादेश मालिकेपर्यंत भारताने मायदेशात सलग १८ कसोटी मालिका जिंकल्या. एकूण ५३ कसोटी झाल्या. त्यांत ४२ विजय, ७ अनिर्णित आणि फक्त ४ पराभव. म्हणजे शंभरातले ७९ सामने जिंकले आणि साडेसात हरले. दुसऱ्या बाजूला न्यूझीलंड. १९५५ पासून २०२१ पर्यंत ते भारतात ३६ कसोटी खेळले होते. २ जिंकले, १७ हरले, १७ अनिर्णित. जिंकलेले दोन म्हणजे १९६९ साली नागपूर आणि १९८८ साली वानखेडे. (दोन्ही महाराष्ट्रातच, हा योगायोग मला आवडतो.) मालिका एकही जिंकलेली नाही. त्यातून सप्टेंबर २०२४ मध्ये श्रीलंकेत गॉलला ते दोन्ही कसोटी हरून आले होते. दुसऱ्या कसोटीत पहिल्या डावात सर्व बाद ८८! केन विल्यमसन जखमी. कर्णधार नवा. आता सांगा, त्या तक्त्यावर तुम्ही काय लिहिलं असतं?

पुढे काय झालं ते सर्वांना माहीत आहे. बंगळुरूला पहिला दिवस पावसात गेला आणि दुसऱ्या दिवशी आपण ४६ वर सर्व बाद झालो. भारतातली आपली ही सर्वांत कमी धावसंख्या. सामना ८ गडी राखून न्यूझीलंडचा. पुण्यात गहुंजेला ११३ धावांनी हार, आणि वानखेडेवर १४७ धावांचं लक्ष्य असताना १२१ वर सर्व बाद, म्हणजे २५ धावांनी हार. तीन किंवा त्याहून जास्त कसोटींच्या मालिकेत भारत मायदेशात सगळेच सामने हरला, असं याआधी कधीही घडलं नव्हतं.

आता इंजिनिअरिंगचा विद्यार्थी म्हणून पहिला प्रश्न हा, की मालिकेआधी ०-३ ची शक्यता किती होती? सोपा हिशोब करू. एक कसोटी हरण्याची शक्यता ४/५३. तीन सलग हरण्याची शक्यता म्हणजे या अपूर्णांकाचा घन. ६४ भागिले १,४८,८७७. उत्तर येतं साधारण २३२६ मध्ये १. दर वर्षी मायदेशात दीड मालिका धरली तर अशी मालिका पाहायला दीड हजार वर्षं लागतील. अजिंठ्याची वाकाटकांच्या काळातली लेणी कोरली जात होती तेव्हापासून कुणी टीव्हीसमोर बसला असता तर त्याला हे एकदा दिसलं असतं!

दीड हजार वर्षांतून एकदा घडणारी गोष्ट आपल्या डोळ्यांदेखत घडली असं म्हणायचं, की हिशोबातच काही चुकतंय असं म्हणायचं? माझं मत दुसरं. कुणाच्याही उत्तरात असला आकडा आला की आधी सूत्र तपासावं. लॅबमध्ये रीडिंग भलतंच आलं तर आपण निसर्गाचा नियम बदलला असं म्हणत नाही, मीटरचं कनेक्शन बघतो.

या सूत्रात गृहीत धरलेली एक गोष्ट आहे, ती म्हणजे तिन्ही सामने एकमेकांपासून स्वतंत्र आहेत. एम-थ्रीच्या पुस्तकात हे वाक्य एका ओळीत येतं आणि आपण ते तसंच पुढे नेतो. माझी रूममेट सेलू तालुक्यातली. तिच्या शेतात दोन बोअर, दोन मोटारी. एक मोटार बंद पडण्याची शक्यता १० मध्ये १ धरली तर दोन्ही एकदम बंद पडण्याची १०० मध्ये १. मी तिला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "अगं, दोन्ही मोटारी एकाच डीपीवर आहेत. डीपी जळाली की दोन्ही बंद. मग हरभऱ्याचं पाणी चुकतं, वायरमन तुझी शक्यता बघून येत नाही." मुद्दा संपला. दोन बिघाडांचं कारण एकच असेल तर शक्यतांचा गुणाकार करता येत नाही. बंगळुरू, पुणे आणि मुंबईत आपले फलंदाज तेच होते, त्यांचा फॉर्म तोच होता, समोरचे गोलंदाज बहुतेक तेच आणि एक सामना गेल्यावर आलेलं दडपणही तेच. डीपी एकच होती. म्हणून खरी शक्यता २३२६ मध्ये १ पेक्षा पुष्कळ जास्त असणार.

दुसरी गोष्ट '१८ पैकी १८' या आकड्याची. लाप्लास नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने अठराव्या शतकात एक नियम दिला. सुरुवातीला काहीच माहिती नाही असं धरायचं, आणि एखादी गोष्ट न वेळा पाहिली, त्यात ती क वेळा घडली, तर पुढच्या वेळी ती घडण्याची शक्यता (क + १) भागिले (न + २) घ्यायची. लाप्लासने तो उद्या सूर्य उगवेल का या प्रश्नाला लावला होता, आपण मालिकेला लावू. (१८ + १) / (१८ + २) म्हणजे १९/२०, म्हणजे ९५ टक्के. १८ च्या १८ मालिका जिंकल्या तरी हा नियम शंभर देत नाही. वीसमध्ये एक ही जागा मोकळी ठेवतो. बोर्डावरच्या तक्त्यात लाल पेनाने ९५ लिहिलं असतं तर ते योग्य ठरलं असतं, आणि मालिका हरल्यावरही योग्यच राहिलं असतं. ९५ आणि १०० मधला फरक मार्कशीटवर छोटा दिसतो. पैसे लावणाऱ्याच्या दृष्टीने तोच सगळा फरक आहे.

बंगळुरू हरल्यावर हॉस्टेलमध्ये नवीन वाक्य आलं, "पहिली हरलो की आपण मालिका जिंकतोच." हे वाक्य हवेतून आलेलं नव्हतं. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध पुण्यात पहिली कसोटी ३३३ धावांनी हरलो, मालिका २-१ जिंकली. २०२१ मध्ये इंग्लंडविरुद्ध चेन्नईत पहिली २२७ धावांनी हरलो, मालिका ३-१ जिंकली. जानेवारी २०२४ मध्ये हैदराबादला पहिली २८ धावांनी हरलो, मालिका ४-१. तीनपैकी तीन! पण लाप्लासला विचारा. (३ + १) / (३ + २), म्हणजे ८० टक्के. तीन उदाहरणांवर एवढंच मिळतं. शिवाय त्या तीनही मालिका ४ किंवा ५ कसोटींच्या होत्या, ही ३ कसोटींची. सावरायला तीन-चार सामने मिळणं वेगळं आणि दोनच मिळणं वेगळं. चौकटीत हा रकाना कधी नसतो.

इथे थोडं विषयांतर करून बेसबॉलकडे जाते, कारण खेळाकडे आकड्यांतून बघायची आजची पद्धत बरीचशी तिकडून आली. अमेरिकेत बिल जेम्स नावाचा एक माणूस डबाबंद कडधान्याच्या कारखान्यात रात्रीचा पहारेकरी होता. पहाऱ्यावर असताना तो बेसबॉलच्या धावफलकांवर हिशोब करत बसे. १९७७ मध्ये त्याने स्वतःच्या खर्चाने आपलं पहिलं वार्षिक पुस्तक काढलं. पेपरात छापतात ते आकडे आणि सामना जिंकून देणारे आकडे वेगळे असतात, हा त्याच्या अभ्यासाचा गाभा. पुढे ओकलंड अ‍ॅथलेटिक्स या कमी पैशांच्या संघाने या विचारावर खेळाडू निवडले आणि २००२ च्या हंगामात १६२ पैकी १०३ सामने जिंकले. त्यांतले २० सलग! 'मनीबॉल' हा सिनेमा बहुतेकांनी लॅपटॉपवर पाहिला असेल. पण त्या १०३ विजयांनंतर बाद फेरीतल्या पहिल्याच पाच सामन्यांच्या मालिकेत ओकलंड मिनेसोटाकडून ३-२ असं हरलं. १६२ सामन्यांत जो संघ चांगला ठरतो तो ५ सामन्यांत हरू शकतो. आपली कसोटी मालिका तर २ ते ५ सामन्यांचीच असते. बेसबॉलवाले ज्याला नमुना म्हणायलाही तयार होणार नाहीत, त्याला आपण इतिहास म्हणतो.

आपल्याकडेही असे लोक होऊन गेले. मुंबईचे आनंदजी डोसा आणि सुधीर वैद्य यांनी क्रिकेटच्या आकडेवारीला आयुष्य दिलं, आणि तेही संगणक घरोघरी नसताना. आज एका क्लिकवर मिळणारी माहिती तेव्हा वहीत हाताने उतरवून ठेवावी लागे. हाताने उतरवण्याचा एक फायदा मला स्वतःला जाणवला. आमच्या टीव्ही रूममध्ये मी एक रजिस्टर ठेवलं आहे, त्यात या ५३ कसोटी एकेक ओळ करून लिहिल्या. टाइप करताना जे दिसत नाही ते लिहिताना दिसतं. ४२ विजय लिहून हात दुखतो आणि ४ पराभव आले की आपोआप थांबायला होतं.

तेव्हा त्या चार ओळींवर थोडं थांबू.

पुणे, फेब्रुवारी २०१७. दोन डाव मिळून १०५ आणि १०७. ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफने दोन्ही डावांत ३५ धावांत ६ बळी घेतले. चेन्नई, फेब्रुवारी २०२१. दुसऱ्या डावात जॅक लीचचे ४ बळी. इंदूर, मार्च २०२३. पहिल्या डावात १०९ आणि मॅथ्यू कुनमनचे १६ धावांत ५, दुसऱ्या डावात नेथन लायनचे ६४ धावांत ८. हैदराबाद, जानेवारी २०२४. पहिल्या डावात १९० धावांची आघाडी असूनही हरलो, कारण टॉम हार्टलीने पदार्पणात ६२ धावांत ७ बळी घेतले. ओकीफ, लीच, कुनमन, हार्टली. चौघेही डावखुरे फिरकी गोलंदाज! आणि न्यूझीलंडच्या संघात मिचेल सँटनर आणि एजाझ पटेल हे दोघे डावखुरे फिरकी गोलंदाज होते. एजाझ तर मुंबईत जन्मलेला. पुण्यात सँटनरने ५३ धावांत ७ आणि १०४ धावांत ६ असे १३ बळी घेतले. त्याआधी कसोटीच्या एका डावात ५ बळी त्याने कधीही घेतले नव्हते. मुंबईत एजाझने ११ घेतले.

किती सुंदर दिसतं ना? ५३ ओळींची सरासरी भारत म्हणत होती आणि ४ ओळी डावखुरी फिरकी म्हणत होत्या. हा मुद्दा मी आमच्या एम-थ्रीच्या सरांना दाखवला. सरांनी चष्मा काढला आणि एकच विचारलं, "आणि उरलेल्या ४९ सामन्यांत समोर डावखुरे नव्हते का?"

होते. आणि त्यातलं सर्वांत मोठं उदाहरण एजाझचंच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये याच वानखेडेवर त्याने एका डावात ११९ धावांत सर्वच्या सर्व १० बळी घेतले, सामन्यात १४ घेतले, आणि न्यूझीलंड तो सामना ३७२ धावांनी हरलं. म्हणजे समोर डावखुरा असणं हे पराभवाचं कारण म्हणायला पुरेसं नाही. फक्त हरलेल्या सामन्यांतून कारण शोधलं की काही ना काही सापडतंच. चार सामन्यांत साम्य शोधायचं म्हटलं तर मला आणखीही सापडलं. चारपैकी तीन वेळा आपण नाणेफेक हरलो होतो. तीन पराभव मालिकेच्या पहिल्या सामन्यातले. दोन सामने तिसऱ्या दिवशी संपलेले. आणि बंगळुरूच्या पराभवात तर फिरकीचा संबंधच नव्हता, तिथे पहिल्या डावात मॅट हेन्रीने ५ आणि विल्यम ओरुर्कने ४ बळी घेतले, दोघेही वेगवान.

तारखांकडेही पाहायला हवं. २०१३ ते २०१९ या काळात ३४ कसोटी झाल्या, पराभव १. मग कोरोनाचं वर्ष. २०२१ पासून ऑक्टोबर २०२४ पर्यंत १९ कसोटी, पराभव ३. हे खरं घसरणीचं लक्षण की योगायोग? तपासायची रीत अशी. मेसच्या पातेल्यात ५३ चिठ्ठ्या टाका, त्यांतल्या १९ वर खूण करा, डोळे मिटून ४ काढा. खुणेच्या ३ किंवा ४ निघण्याची शक्यता किती? एकूण प्रकार २,९२,८२५, त्यांत आपल्याला हवे ते ३६,८२२. म्हणजे साधारण ८ मध्ये १. परीक्षेत २० मध्ये १ पेक्षा कमी आलं तरच आपण 'फरक लक्षणीय' असं लिहितो, तेव्हा या कसोटीवर हा फरक नापास. पण ८ मध्ये १ म्हणजे दुर्लक्ष करावं असंही नाही. आपल्या मोटारीचा आवाज बदलला की आपण लगेच वाइंडिंग करत नाही, पण कान तिकडे ठेवतो. सप्टेंबर २०२४ च्या चौकटीत हा कान कुणी ठेवलेला मला दिसला नाही.

खेळपट्टीचं गणितही थोडक्यात सांगते. समजा आपला संघ इतका भारी आहे की प्रत्येक सत्र जिंकण्याची शक्यता ६० टक्के. सामना पाच दिवस म्हणजे १५ सत्रं चालला आणि जास्त सत्रं जिंकणारा विजयी धरला, तर आपल्या विजयाची शक्यता जवळजवळ ७९ टक्के येते. तोच सामना तीन दिवसांत, ९ सत्रांत संपला तर ७३. सामना जितका छोटा तितका नशिबाचा वाटा मोठा. हाडाच्या वळणाऱ्या खेळपट्टीवर सामने लवकर संपतात, आणि शिवाय समोरचा साधा फिरकी गोलंदाजही धोकादायक होतो. भारी संघाने लांब सामना मागावा हे गणिताचं म्हणणं. (बाकी पिच कुणाच्या सांगण्यावरून तयार होतं, हा प्रश्न एम-थ्रीच्या अभ्यासक्रमात नाही.)

अभ्यासाचा खरा कस नव्या माहितीवर लागतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये वेस्ट इंडिजला आपण अहमदाबाद आणि दिल्लीत २-० हरवलं. लगेच नोव्हेंबरमध्ये दक्षिण आफ्रिका आली. कोलकात्यात तिसऱ्याच दिवशी १२४ चा पाठलाग करताना आपण ९३ वर सर्व बाद, ३० धावांनी हार. गुवाहाटीत ४०८ धावांनी हार, धावांच्या फरकाने भारताचा कसोटीतला सर्वांत मोठा पराभव. मालिकेत १७ बळी घेणारा सायमन हार्मर ऑफस्पिनर आहे. उजव्या हाताचा! डावखुऱ्यांचा सुंदर सिद्धांत तिथेच मोडला. टिकलं ते एवढंच, की चांगली फिरकी समोर आली की आपली आजची फलंदाजी डगमगते, मग हात कोणताही असो. आणि 'आजची' हा शब्द महत्त्वाचा. त्या ५३ पैकी बहुतेक सगळ्या कसोटी अश्विन खेळला होता. तो डिसेंबर २०२४ मध्ये निवृत्त झाला. रोहित शर्मा आणि विराट कोहली यांनी मे २०२५ मध्ये कसोटी सोडली. जुने आकडे ज्या संघाचे, तो संघ आता मैदानात उतरतच नाही.

आता पुढची मालिका. आंतरराष्ट्रीय वेळापत्रकानुसार २०२७ च्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाचा पाच कसोटींचा भारत दौरा आहे. पेपरची चौकट काय म्हणेल ते मी आत्ताच लिहून देते. २००४ साली नागपूरची कसोटी जिंकून ऑस्ट्रेलियाने मालिका घेतली, त्यानंतर २००८ ते २०२३ या पाच दौऱ्यांत ते भारतात १८ कसोटी खेळले आणि २ जिंकले. १२ हरले, ४ अनिर्णित. १८ पैकी २, म्हणजे ११ टक्के. दुसरीकडे भारताच्या मायदेशातल्या शेवटच्या ७ कसोटी, २०२५ अखेरपर्यंतच्या, त्यांत ५ पराभव. म्हणजे ७१ टक्के! ११ खरं की ७१?

दोन्ही घ्यायचे, पण वजन लावून. जुन्या ५३ सामन्यांचं वजन मी पाव धरते, नव्या ७ चं पूर्ण. पराभव होतात १ + ५ = ६, आणि सामने १३.२५ + ७ = २०.२५. एका कसोटीत हरण्याची शक्यता आली ३० टक्के. पाचपैकी किमान एक हरण्याची शक्यता ८३ टक्के. तीन किंवा जास्त हरण्याची १६ टक्के, म्हणजे ६ मध्ये १. जुन्या साडेसात टक्क्यांनी हाच हिशोब केला तर २६० मध्ये १ सुद्धा भरत नाही. केवढा फरक पडला पाहा!

पाव वजन का, असं सर नक्की विचारतील. त्याला पुरावा नाही, तो माझा अंदाज आहे. म्हणून दुसरी वजनंही लावून पाहिली. जुन्या सामन्यांना अर्धं वजन दिलं तर तीन किंवा जास्त हरण्याची शक्यता ७ टक्के येते, एक अष्टमांश दिलं तर ३२ टक्के. तेव्हा माझा मालिकापूर्व आढावा असा. भारताचं पारडं अजूनही जड, पण तीन कसोटी गमावून मालिका हातची जाण्याची शक्यता ७ ते ३२ टक्क्यांच्या मध्ये कुठेतरी. त्यात डीपीचा मुद्दा जोडला, म्हणजे एक हरलो की दुसरी हरण्याची शक्यता वाढते हे धरलं, तर वरच्या टोकाकडे. २-१ वगैरे निकाल यात धरलेले नाहीत, ते धरले तर आकडा आणखी वाढेल. पट्टा रुंद आहे हे मान्य. सात सामन्यांवर याहून अरुंद पट्टा कुणी दिला तर त्याच्याकडे पिचवाल्याचा मोबाइल नंबर आहे असं समजावं.

ज्यांना स्वतः हिशोब करायचा आहे त्यांच्यासाठी रजिस्टरमध्ये या मालिकेचं पान कोरं ठेवलं आहे. प्रत्येक कसोटीला एक ओळ. रकाने असे आखले आहेत, की नाणेफेक कुणी जिंकली, सामना कितव्या सत्रात संपला, समोरच्या फिरकी गोलंदाजांनी किती बळी घेतले आणि त्यांत डावखुऱ्यांचे किती, आणि मालिकेतला तो कितवा सामना. जिंकलेल्या सामन्यांच्या ओळीही पूर्ण भरायच्या, गाळायच्या नाहीत. २०२५ नंतर मायदेशात झालेल्या कसोटी त्याआधीच्या पानावर लिहायच्या आणि वजनाचा हिशोब नव्याने करायचा. रजिस्टर लेडीज हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये टीव्हीखालच्या कप्प्यात असतं. बॉइज हॉस्टेलवाल्यांनी वॉर्डन मॅडमना विचारून न्यावं आणि दोन दिवसांत परत आणून द्यावं. लाल पेनाने त्यात काही लिहू नये.